नळीचा भाव

शिकारी रायफलीची नळी हा त्या शस्त्रातील झिजणारा भाग होय. लाकडी दस्त्याला वेळच्या वेळी तेलपाणी केले तर तो दोन-तीन पिढ्या टिकतो, चापाची कमान तुटली तर किरकोळ खर्चात बदलता येते, परंतु नळीच्या आत काडतूस बसते त्याच्या लगत पुढे, जेथे गोळी पहिल्यांदा सर्पिल खाचांना भिडते तेथे, प्रत्येक बारागणिक जळत्या दारूचा वायू प्रचंड दाबाने व उष्णतेने आदळत असतो. त्यामुळे त्या जागी आधी केसासारख्या बारीक चिरा पडतात, मग खाचांच्या कडा खरवडून निघतात आणि शेवटी गोळी नेम धरल्या जागी जाईनाशी होते. .३०८ सारख्या मध्यम ताकदीच्या काडतुसाची चांगली नळी साधारण पाच हजार बारांपर्यंत स्पर्धेच्या दर्जाची अचूकता टिकवते. जास्त दारू भरलेल्या मॅग्नम काडतुसांची नळी त्याच्या निम्म्याहून कमी बारांतही थकते. उलट ऑलिंपिकमध्ये वापरल्या जाणाऱ्या .२२ रायफलीच्या नळीतून शिशाची मऊ गोळी चिमूटभर दारूने पुढे जात असल्याने ती याच्या कितीतरी पट बार सोसते. वर्षाकाठी दोन-चार हरणे मारणाऱ्या शिकाऱ्याला त्यामुळे जन्मात एकदाही नळी बदलावी लागत नाही. ती वेळ येते ती नियमित सराव करणाऱ्यावर, नाहीतर गंजलेली जुनी रायफल स्वस्तात मिळाली म्हणून घेणाऱ्यावर.

अशी थकलेली नळी काढून नवी बसवायला किती पैसे पडतात, या साध्या प्रश्नाचे उत्तर मात्र एका आकड्यात देता येत नाही, कारण त्या खर्चातला पोलादाचा वाटा सगळीकडे जवळजवळ सारखा असला तरी उरलेला खर्च देशागणिक कितीतरी पटींनी बदलतो. बंदूक खोलून तिचे तुकडे टेबलावर मांडले, तर त्यांतील नेमक्या कोणत्या तुकड्याला कायद्याने बंदूक समजायचे, हे प्रत्येक राज्यव्यवस्थेला कधी ना कधी ठरवावे लागते, आणि नळीचा भाव बहुतांशी या ठरवण्यावर उभा असतो. अमेरिकेने हा मान रिसीव्हरला, म्हणजे नळी ज्यात आटे देऊन बसवतात त्या मधल्या सांगाड्याला, दिला. जर्मनीने सांगाड्याच्या बरोबरीने नळीलाही दिला. भारताने सगळ्या सुट्या भागांना तर दिलाच, शिवाय ते भाग घडवणाऱ्या यंत्रसामग्रीलाही त्याच व्याख्येत ओढले.

या तिन्ही व्यवस्थांचा एकत्र विचार करायला पुणे जिल्ह्यातील तळवडे हे गाव सोयीचे आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या उत्तर कडेला, देहू आणि चिखली यांच्या शेजारी वसलेल्या या गावातून इंद्रायणी ओलांडली की महाळुंगे आणि चाकणची औद्योगिक वसाहत सुरू होते. गावाची आजची वस्ती दोन निरनिराळ्या उद्योगांवर पोसलेली आहे. ज्योतिबानगर, रुपीनगर या भागांत पत्र्याच्या शेडांमधून लेथ, सीएनसी आणि व्हीएमसी यंत्रांवर मोटार-उद्योगाचे जॉबवर्क चालते; दुसऱ्या अंगाला औद्योगिक विकास महामंडळाचे सॉफ्टवेअर पार्क आहे आणि तेथील संगणक-अभियंते एच-१बी किंवा एल-१ व्हिसावर अमेरिकेला जातात. चाकणमध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने २००९ मध्ये सुरू झाल्यापासून जर्मनीची वाटही या पट्ट्याला अपरिचित राहिलेली नाही. म्हणजे नळी घडवण्याइतके कसब असलेले कामगार आणि परदेशात जाऊन शिकारीचा परवाना काढू शकणारे नोकरदार, असे दोघेही एकाच पिन कोडात राहतात. बहुधा ते एकमेकांना ओळखतही नाहीत.

कसबाचा मुद्दा अतिशयोक्तीचा नाही. रायफलीच्या नळीसाठी जगभर वापरले जाणारे क्रोम-मॉलिब्डेनम पोलाद अमेरिकेत ४१४० या क्रमांकाने, जर्मनीत ४२ सीआरएमओ ४ या नावाने आणि पिंपरी-चिंचवडच्या शेडांत ईएन १९ म्हणून ओळखले जाते, आणि रासायनिक घडणीत ही तिन्ही जवळजवळ एकच आहेत. याच ईएन १९ चे शाफ्ट, स्टड आणि गिअरचे तुकडे येथे रोज कापले जातात. ६५० मिलिमीटर लांब आणि ३२ मिलिमीटर जाड गोल दांड्याचे वजन सुमारे चार किलो भरते, म्हणजे किलोला शंभराच्या आसपास भाव धरला तर एका नळीचे कच्चे पोलाद चारशे रुपयांचे होते. अचूक स्पर्धांसाठीच्या नळ्या गंजरोधक पोलादाच्याही करतात आणि ते पोलाद महाग असते, पण तेथेही मालाची किंमत तयार नळीच्या किमतीचा लहानसा हिस्साच राहते.

खरे काम भोकाचे. भोकाची खोली व्यासाच्या दहापटीहून अधिक झाली की साध्या ड्रिलने ते सरळ पडत नाही, कारण चिप्स आत अडकतात, टोक तापते आणि ड्रिल वाट सोडते. या अडचणीवर एकोणिसाव्या शतकात शस्त्रकारखान्यांनी शोधलेला उपाय म्हणजे गन ड्रिल: एकाच धारेचे, लांब, पोकळ दांडीचे हत्यार, ज्याच्या पोटातून जबर दाबाने तेल थेट धारेपर्यंत पोचते आणि दांडीच्या बाजूच्या इंग्रजी ‘व्ही’ आकाराच्या खाचेतून चिप्स घेऊन परत येते. आज याच पद्धतीने क्रँकशाफ्टमधील तेलाच्या वाटा, इंधन-इंजेक्शनचे भाग आणि प्लास्टिकच्या साच्यांतील थंडाव्याच्या नळ्या पाडल्या जातात, आणि ही कामे चाकण पट्ट्यात नेहमीची आहेत. साडेसात मिलिमीटरचे भोक ६५० मिलिमीटर खोल पाडायचे, तर खोली व्यासाच्या ८५ पटींपेक्षा जास्त होते. मिनिटाला पंचवीस-तीस मिलिमीटर या गतीने ते वीस-पंचवीस मिनिटांत पार होते.

भोक पडले म्हणून नळी होत नाही, हेही खरे. त्यानंतर रिमर फिरवून आतली भिंत एकसारखी करावी लागते आणि मग तिच्यात आटे पाडावे लागतात. गोळीला स्वतःभोवती फिरवणाऱ्या या सर्पिल खाचांमुळेच रायफल ही साध्या नळीच्या बंदुकीपेक्षा वेगळी ठरते; .३०८ मध्ये हा पीळ बहुधा दहा ते बारा इंचांत एक फेरा आणि .२२ मध्ये सोळा इंचांत एक फेरा असा ठेवतात. खाचा पाडण्याच्या तीन मुख्य रीती आहेत. जुन्या रीतीत एकेक खाच थोडी थोडी खरवडत न्यावी लागते, आणि नळीमागे तास-दीड तास मोडला तरी नामवंत कारागीर तीच पसंत करतात. दुसऱ्या रीतीत कठीण कार्बाइडचे खाचा असलेले बटण भोकातून एकदाच ओढून खाचा दाबून उमटवतात. तिसऱ्या रीतीत नळीच्या आत उलट्या खाचांची कांब घालून बाहेरून चहूबाजूंनी यांत्रिक हातोडे आपटतात. जर्मनीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पुढे आलेली ही रीत मोठ्या कारखान्यांनाच परवडते. शेवटी काडतुसाचे घर कोरायचे आणि बोल्ट, म्हणजे काडतुसामागे सरकून घर बंद करणारा दांडा, बंद केल्यावर त्याच्या तोंडापासून काडतूस टेकते त्या जागेपर्यंतचे अंतर, ज्याला हेडस्पेस म्हणतात, ते मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शांच्या हिशेबात जुळवायचे. हे अंतर कमी पडले तर बोल्ट बंद होत नाही. जास्त झाले तर काडतुसाचे पितळ फाटून गरम वायू नेमबाजाच्या तोंडावर येतो. ते तपासायला जो गो–नो गो गेज वापरतात, त्याचे तत्त्व तळवड्यातील कोणत्याही शेडमधल्या तपासनिसाला नव्याने समजावून सांगावे लागणार नाही.

तरीही तळवड्यात अशी नळी कोणी करून देणार नाही, आणि देऊही नये. १९५९ च्या शस्त्र कायद्यातील व्याख्येनुसार ‘शस्त्रे’ या शब्दात शस्त्रांचे भाग आणि शस्त्रे बनवण्याची यंत्रसामग्री यांचा समावेश होतो. कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय शस्त्र बनवणे, विकणे, बदलणे, दुरुस्त करणे किंवा त्याची चाचणी घेणे हा गुन्हा आहे. आणि २०१९ च्या दुरुस्तीने अशा बेकायदा निर्मितीची शिक्षा तीन ते सात वर्षांवरून किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी वाढवली. कुणी हौशी परवानाधारक आपली जुनी नळी घेऊन ओळखीच्या टूलरूममध्ये गेला आणि ‘अशीच एक करून दे’ म्हणाला, तर चारशे रुपयांच्या पोलादाच्या आणि दिवसभराच्या मजुरीच्या बदल्यात कारागीर जन्मठेपेची जोखीम पत्करत असतो. हे काम परवानाधारक शस्त्रदुरुस्तकाकडेच न्यावे लागते आणि नळी सरकारी किंवा परवानाधारक कारखान्याची, नाहीतर रीतसर आयात केलेली असावी लागते.

हा कडकपणा निव्वळ नोकरशाहीचा हट्ट आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण बंदुकीच्या सर्व भागांपैकी नळीवर लक्ष ठेवण्याला सबळ कारणे आहेत. पहिले कारण बोअरचे, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे. भारतात लष्कर आणि पोलीस वापरतात ती काडतुसे चालवणारी शस्त्रे प्रतिबंधित बोअरची मानली जातात व सामान्य नागरिकाला त्यांचा परवाना मिळत नाही; .३१५ रायफल, बारा बोअरची बंदूक, .२२ ही अप्रतिबंधित बोअरची उदाहरणे होत. एकाच सांगाड्यावर नळी बदलली की बोअर बदलते, आणि बोअर बदलले की परवान्याचा वर्गच बदलू शकतो. दुसरे कारण न्यायवैद्यक तपासाचे. नळीतील खाचांच्या आणि त्यांवरील सूक्ष्म ओरखड्यांच्या खुणा गोळीवर उमटतात, आणि मुंबईतील कलिन्याची प्रयोगशाळा किंवा पुण्यातील प्रादेशिक प्रयोगशाळा त्या खुणांवरूनच गोळी कोणत्या शस्त्रातून सुटली हे सांगते; नळी बदलली की गोळीवरून पटणारी शस्त्राची ओळखच पुसली जाते. तिसरे कारण आखूड नळीचे. लांब बंदूक कापून लपवण्याजोगी करण्याला कलम ६ ने स्वतंत्रपणे मज्जाव केला आहे. अमेरिकेची सांगाड्याची व्याख्या हिशेब ठेवायला सोपी असेल, पण तपासाच्या दृष्टीने भारताची व्याख्या अधिक शहाणी आहे, असे मत नोंदवायला हरकत नाही.

त्या व्याख्येची विसंगती दिसते ती अंमलबजावणीत. महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील उमर्टीसारख्या गावांत बनलेले गावठी कट्टे पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या पोलिसांना वारंवार सापडतात, आणि त्यांपैकी कित्येकांची नळी म्हणजे आटे नसलेला साधा पाइप असतो. त्याहून जवळचे उदाहरण तळवड्यातलेच आहे: ८ डिसेंबर २०२३ रोजी ज्योतिबानगरमधील वाढदिवसाच्या फुलझडी-मेणबत्त्या बनवणाऱ्या एका शेडमध्ये स्फोटक पावडरीने पेट घेतला, सहा महिला कामगार जागीच मरण पावल्या आणि पुढच्या दिवसांत मृतांचा आकडा वाढत गेला. त्या शेडला असे काम करण्याची परवानगी नव्हती. दारू आणि नळी या बंदुकीच्या दोन अर्ध्या बाजू मानल्या, तर एका बाजूवर जन्मठेपेचा पहारा आहे आणि दुसरी बाजू त्याच गल्लीत रोजंदारीवरच्या बायकांच्या हाती दिली गेली होती.

शस्त्रास्त्रांच्या कायदेशीर निर्मितीपासून तळवडे दूर आहे असेही नाही. गावाच्या शेजारी देहूरोडला सिग्नल व धुराची दारूकामे बनवणारा आयुध कारखाना आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे आणि २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाचे सात कंपन्यांत विभाजन झाल्यावर त्यांतील म्युनिशन्स इंडिया या कंपनीचे मुख्यालय पुण्यातच आले. पाषाणची शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्था १९५८ पासून लष्करी बंदुकांची आरेखने करते. मुंढव्याच्या भारत फोर्जची मालकी असलेल्या कल्याणी समूहाने तर स्वित्झर्लंडमधील रुआग कंपनीची तोफांची उत्पादनसामग्री विकत घेऊन ती पुण्याला आणली, आणि १५५ मिलिमीटर व्यासाच्या, व्यासाच्या ५२ पट म्हणजे आठ मीटरहून लांब नळीच्या तोफा विकसित केल्या. २०१६ च्या शस्त्र नियमांनी खासगी कारखान्यांना लहान शस्त्रे बनवण्याची वाटही मोकळी केली आहे. पण हे परवाने मोठ्या भांडवलाच्या उद्योगांसाठी आहेत. एकट्या नेमबाजाला एक नळी करून देणारा, जर्मनीत गावोगाव आढळणारा बंदूककारागीर त्यातून जन्माला येत नाही.

या परिस्थितीमागे मोठा इतिहास आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाचे हत्यार परवान्याखाली आणले. १९०७ च्या सुमारास .४५० व्यासाच्या शिकारी रायफलींवर हिंदुस्थानात बंदी आली, कारण बंडखोरांच्या हाती असलेल्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींना त्या व्यासाच्या गोळ्या पुरवता येतील अशी सरकारला भीती होती, आणि इंग्रज बंदूकवाल्यांना केवळ हिंदुस्थानच्या गिऱ्हाइकासाठी .४६५ आणि .४७० अशी नवी काडतुसे काढावी लागली. लष्कराची .३०३ नागरिकांना वर्ज्य असल्याने तिच्या जागी मूळच्या ऑस्ट्रियन काडतुसावर बेतलेली .३१५ रूढ झाली, आणि स्वातंत्र्यानंतर पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्याने तीच पुढे चालवली. संस्थानिकांच्या काळात लंडनच्या रिग्बी किंवा हॉलंड अँड हॉलंडच्या रायफली कलकत्त्याच्या मँटनसारख्या पेढ्यांमार्फत येत. आज त्या रायफलीची नळी गेली, तर बाजारात त्या व्यासाची नळी नसते, आणि दस्त्यावरच्या चांदीच्या पट्टीसकट ती रायफल भिंतीवर जाते.

शिकारच मुळात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या पुढच्या दुरुस्तीने थांबवली. तेव्हापासून भारतात ‘शिकारी रायफल’ ही केवळ आरेखनाची ओळख उरली आहे; परवाना मिळतो तो स्वसंरक्षण, पीकसंरक्षण किंवा क्रीडा या कारणांसाठी. कोकणातील शेतकऱ्याची रानडुकरांपासून शेत राखणारी बंदूक बहुधा ठासणीची असते, तिच्या नळीत आटे नसतात, आणि तिची नळी फुगली किंवा फुटली तर ती बदलण्यापेक्षा परवाना मुलाच्या नावावर कसा होईल आणि निवडणूक आली की ठाण्यात जमा केलेली बंदूक पुन्हा वेळेत हाती कशी येईल, ही त्याची खरी चिंता असते.

क्रीडानेमबाजांची गोष्ट वेगळी. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवले. त्याआधी २०१० मध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या होत्या. त्यांचा खेळ .२२ चा, आणि या खेळातल्या उच्च दर्जाच्या रायफली व नळ्या मुख्यतः जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधून येतात. शस्त्रांची आयात निर्बंधित असली तरी ‘नामांकित नेमबाज’ म्हणून मान्यता मिळालेल्या खेळाडूला राष्ट्रीय रायफल संघटनेच्या वाटेने आयात करता येते आणि सीमाशुल्कातही सवलत आहे. २०२० च्या अधिसूचनेने अशा नेमबाजाला त्याच्या प्रकारांच्या संख्येनुसार बारापर्यंत शस्त्रे ठेवण्याची मुभा दिली. अडचण आहे ती पुण्यातील बालेवाडीच्या रेंजवर नुकता येऊ लागलेल्या, मान्यतेच्या अलीकडच्या मुलाची. त्याला सवलतीची सर्वात जास्त गरज असते, आणि ती मिळवायची तर आधी चांगल्या नळीने गुण काढून दाखवावे लागतात.

आता परदेशाकडे वळता येईल. तळवड्याहून एच-१बी व्हिसावर अमेरिकेत गेलेल्या माणसाला सर्वसाधारणपणे बंदूक तर नाहीच, काडतूसही जवळ बाळगता येत नाही. १९९८ मध्ये संघराज्याच्या कायद्यात ही मनाई घातली गेली. पण त्याच कायद्यात अपवाद आहे: त्या माणसाकडे अमेरिकेतील एखाद्या राज्याचा चालू शिकार-परवाना असेल तर त्याला शस्त्र घेता येते. शिकार-परवाना काढायचा तर बहुतेक राज्यांत आधी सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, आणि मग काही डॉलरांत तो परवाना मिळतो. परवान्याची मुदत संपली आणि नूतनीकरण विसरले, तर कपाटातील रायफल त्या दिवसापासून गंभीर गुन्ह्याचा पुरावा बनते. ग्रीन कार्ड मिळाल्यावर ही अट उरत नाही. मराठी कुटुंबांची दाट वस्ती असलेल्या न्यू जर्सीत आणखी एक गंमत आहे: तेथे हरणांची शिकार छर्ऱ्याच्या बंदुकीने, ठासणीच्या बंदुकीने किंवा धनुष्याने करावी लागते, मोठ्या रायफलीला परवानगी नाही. तेथल्या एडिसनच्या रहिवाशाला रायफल वापरायची तर शेजारच्या पेनसिल्व्हेनियात जावे लागते.

नळीपुरते बोलायचे तर अमेरिका सर्वात सोपी. १९६८ च्या कायद्याने रिसीव्हरलाच बंदूक मानल्यामुळे नळी ही पोलादाची वस्तू ठरते आणि सर्वसाधारणपणे टपालाने घरी येते. विस्कॉन्सिनमधील क्रीगरसारख्या नामवंत कारखान्याची आटे पाडलेली, पण काडतुसाचे घर न कोरलेली नळी सुमारे साडेतीनशे ते साडेचारशे डॉलरला पडते. ती सांगाड्याला बसवून, घर कोरून, तोंड घासून देण्याचे बंदूककारागीर साधारण तीनशे ते साडेचारशे डॉलर घेतो. एकूण साडेसहाशे ते नऊशे डॉलर, म्हणजे सत्तर हजार रुपयांच्या घरात. सॅव्हेज कंपनीने १९५८ मध्ये काढलेल्या ११० या रायफलीत नळी मोठ्या नटाने आवळलेली असते, त्यामुळे तयार नळी, पाना आणि गो–नो गो गेजची जोडी आणली तर कारागिराची मजुरीही वाचते. मात्र कारखान्यात बनलेली साधी नवी शिकारी रायफल पाच-सहाशे डॉलरला मिळत असताना तिच्यावर आठशे डॉलरची नळी चढवणे हिशेबात बसत नाही, आणि सामान्य अमेरिकन शिकारी तसे करतही नाही. तो रायफल विकतो आणि दुसरी घेतो.

जर्मनीत गणित पार बदलते. स्टुटगार्टला नेमणूक झालेल्या अभियंत्याला शिकार करायची तर आधी शिकारपरीक्षा द्यावी लागते, जिच्यात वन्यप्राण्यांची ओळख, कुत्र्यांचे पालन, कायदा, मांसाची स्वच्छता आणि प्रत्यक्ष नेमबाजी हे सारे विषय असतात, आणि ती सहसा जर्मन भाषेत द्यावी लागते. शिकवणीचा खर्च दोन हजार युरोच्या आसपास जातो. शिवाय दायित्वविमा सक्तीचा, आणि शस्त्र ठेवायला युरोपीय मानकानुसार प्रमाणित पोलादी तिजोरी सक्तीची. इतके झाल्यावर शिकारी लांब बंदूक विकत घेऊ शकतो, पण दोन आठवड्यांत ती शस्त्रधारक-पत्रात नोंदवावी लागते. नळी हा कायद्याने ‘अत्यावश्यक भाग’ असल्याने तीही नोंदवावी लागते, तिजोरीत ठेवावी लागते आणि सरकारी चाचणीतून जावी लागते. या चाचणीत नेहमीपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त दाबाची काडतुसे उडवून नळी टिकली तर तिच्यावर शिक्का मारतात. शस्त्रचाचणीसाठी १९१४ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे सदस्य देश एकमेकांचे हे शिक्के मानतात, आणि भारत त्या आयोगाचा सदस्य नाही. स्टुटगार्टपासून शंभर किलोमीटरच्या आत क्योनिग्सब्रोन येथे नळ्यांसाठी जगप्रसिद्ध असलेला लोथार वाल्थर कारखाना आहे आणि उल्म येथे चाचणीचे सरकारी कार्यालय. ब्लाझरच्या आर-८ सारख्या, नळी सहज सुटी होणाऱ्या रायफलीची नुसती दुसरी नळी हजार युरोच्या वर जाते. जुन्या माउझर घडणीच्या रायफलीला कारागिराकडून नवी नळी बसवून, चाचणीसह घ्यायची तर खर्च त्याच पातळीवर येतो. तेथे रायफली महाग आणि नोंदींची दगदग मोठी असल्यामुळे, अमेरिकेच्या उलट, असलेल्या रायफलीचीच नळी बदलणे अनेकदा परवडते.

परदेशातून नळी भारतात आणण्याचा विचार मात्र सामानात टाकून आणण्याइतका सरळ नाही. अमेरिकेत बिनपरवाना विकत मिळणारी नळी देशाबाहेर न्यायची म्हटली की निर्यात-नियंत्रणाखाली येते. २०२० पासून बिगरलष्करी नळ्यांचे हे काम परराष्ट्र खात्याकडून वाणिज्य खात्याकडे गेले आहे, पण नियंत्रण उरलेच आहे. भारतात उतरताना तीच नळी शस्त्राचा भाग ठरते आणि कलम १० प्रमाणे आयात-परवान्याशिवाय ती आणणे गुन्हा आहे. कायमचे परत येणाऱ्याला अप्रतिबंधित बोअरचे एक शस्त्र आणता येते, परंतु ते परदेशात किमान वर्षभर त्याच्या ताब्यात व वापरात असावे लागते, भारतातील परवाना आधी हातात असावा लागतो, शुल्क भरावे लागते आणि पुढे ते विकण्यावर कडक बंधन येते. तळवडेकरासाठी तो परवाना देणारे कार्यालय म्हणजे १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवडचे पोलीस आयुक्तालय. .३०८ ही अमेरिकेत हरणांसाठी सर्रास वापरली जाणारी रायफल, पण ती लष्करी ७.६२ मिलिमीटर काडतुसाचे नागरी भावंड असल्याने भारतात प्रतिबंधित बाजूला पडते. ती आणायचा प्रश्नच उद्भवत नाही. .३०-०६ किंवा .२२ असेल आणि परतण्याचा बेत पक्का असेल, तर नळी तेथेच, वेळेआधी बदलून घेणे शहाणपणाचे, कारण इथे पाय ठेवल्यावर त्या बोअरची दुसरी नळी मिळवायला आयातीची सगळी वाट पुन्हा चालावी लागते.

व्यवहारात बहुतेक जण रायफल तेथेच विकून परततात. जर्मन किंवा अमेरिकन गिऱ्हाईक जुन्या रायफलीला हात लावण्याआधी तिच्यातून किती बार उडाले हे विचारते, दिव्याच्या सूक्ष्म कॅमेऱ्याने नळीचा काडतुसालगतचा गळा पाहते, आणि तो झिजलेला दिसला की नव्या नळीची आणि बसवणावळीची रक्कम मागितलेल्या किमतीतून सरळ वजा करते.